विटांवर रंगवलेल्या विटा

विटांवर विटा रंगवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका आपल्याच आईच्या पोटी यावा, ह्याला नशीब म्हणायचं की सूड, हे ताईला कळेना.

ती फाटकात उभी होती. काल दिवसभर दंतवैद्यांच्या दारोदार कवळ्या पोचवत फिरली, अंधार पडल्यावर मागच्या दारानं घरात शिरली आणि पडल्या पडल्या झोपली. घराचं तोंड तिनं पाहिलं ते आत्ता, सकाळी. आणि घराला तोंड म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. सगळी पुढची भिंत लालचुटुक. त्या लालीवर पांढऱ्या रेघांनी आखलेल्या सरळ, एकसारख्या, शाळेत पहिल्या आलेल्या मुलींसारख्या विटा. खाली खऱ्या विटा होत्याच की! वाकड्या, फुगलेल्या, करपून काळ्याजांभळ्या पडलेल्या. त्यांच्या पोटापाठीवरून ह्या पांढऱ्या रेघा घाटातल्या रुळांसारख्या चढत उतरत चालल्या होत्या.

शिडीवर धाकटा. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा, म्हणून घरात सगळे त्याला पेंटरच म्हणत. कानामागे ब्रश खोचून तो वळला.

"कशी वाटते?"

"उतर."

"अगं, नीट बघ तरी. प्रत्येक विटेला सावली दिलीय. ऊन डावीकडून येतं असं धरून."

"उतर म्हणते ना! आज कोण येणार आहे ठाऊक आहे ना तुला?"

"म्हणून तर! वारसा खात्यातल्या मॅडम आपल्या विटा बघायला येणार. त्या विटा काय दाखवायच्या लायकीच्या आहेत? पाहुणे यायचे म्हटल्यावर वाकडं आधी झाकायचं, हे ह्या घरात कुणाला शिकवावं लागतं होय?"

खोटं नव्हतं ते. आत्याच्या लग्नाचं बोलायला मंडळी आली तेव्हा आजोबांनी अख्ख्या भिंतीवर चादरी वाळत घातल्या होत्या, आणि मंडळी गेल्यावर म्हणे आत्यानं विचारलं होतं, "त्यांना वाटलं असेल ना, ह्या घराला एवढ्या चादरी कशाला लागतात?" त्यानंतर वेल चढवून झाले, कुंड्या टांगून झाल्या. पण भिंतीवर भिंत काढायची अक्कल आजवर कुणाला सुचली नव्हती.

"ऑइलपेंट आहे का पाण्याचा?" ताईनं विचारलं. आवाज असा, की धाकट्यानं शिडी घट्ट धरली.

"खालचा हात पाण्याचा. वर ऑइलचा चकाचक मारणार होतो आता."

"मारून बघ. तुझी बत्तिशी काढून घेईन आणि नवी बसवून देणार नाही."

ताईनं ह्या भेटीसाठी काय काय केलं होतं ते तिचं तिला ठाऊक. गेलं वर्षभर दादा म्हणत होता, घर विकू, बिल्डर तयार आहे. ताई म्हणत होती, मी राहते इथे, आईला सांभाळते इथे, मागच्या शेडमध्ये माझं काम चालतं, मी जाऊ कुठे? घर आईच्या नावावर. आणि आई? तिनं दोघांनाही हो म्हणून ठेवलं होतं. शेवटी दोघं एकदमच तिच्यासमोर उभे राहिले तेव्हा तिनं तोडगा काढला. ताईनं वारसा खात्याकडे अर्ज केलाच आहे, तर त्यांची बाई येऊ दे. घर जपण्यासारखं आहे असं ती म्हणाली तर घर राहील. साधंच आहे म्हणाली तर दादानं विकावं, आणि ताईनं तोंडातून ब्र काढायचा नाही. दोघांनी मान्य केलं. ती बाई आज येणार होती, आणि बघणार काय, तर पाट्यांच्या रंगात रंगवलेला नाटकाचा पडदा!

तेवढ्यात फाटकापाशी दादाची गाडी थांबली.

दादा लिफ्ट विकायचा. त्यामुळे ज्या वस्तूला निदान सात मजले नाहीत ती त्याला अर्धवट वाटायची. गाडीतून उतरून त्यानं भिंतीकडे पाहिलं, आणि सबंध वर्षात हसला नसेल एवढा हसला.

"शाब्बास रे पेंटर! मी तुला काही दिलं नव्हतं बरं का ह्याच्यासाठी. उगाच माझ्यावर आळ नको."

"दादा, हसू नकोस," ताई म्हणाली.

"हसू नको तर काय करू? दाताच्या कारागिरणीचं घर, त्यालाही कवळी बसवली!"

वहिनी मागून उतरली. वहिनी रेडिओवर हवामान सांगायची. तिथला अंदाज कधी कधी चुके, घरातला कधीच नाही. तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा नणंदेच्या तोंडाकडे, आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, आवरा. वादळ आहे."

*

वारसा खात्यातल्या बाई चालत आल्या. उंच, वाळकुड्या, गळ्यात भिंग, पायात मजबूत बूट. फाटकाशी थांबल्या. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. ताईला तेवढ्या वेळात आपले स्वतःचे दात हलायला लागल्यासारखं वाटलं.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," धाकटा पुढे झाला. अभिमानानं. "मॅडम, सावली बघा. ऊन डावीकडून..."

"मॅडम, पाण्याचा रंग आहे, निघेल," ताई घाईनं मधे पडली.

"माझा रंग निघत नसतो!" धाकटा फुरंगटला. "पंधरा पंधरा वर्षं दुकानदार पाटी बदलत नाहीत माझी."

बाईंनी पिशवीतून फडकं काढलं, नळावर ओलं केलं आणि एका कोपऱ्यात हलकंच फिरवलं. लाल रंग सालीसारखा सोलपटत हातात आला. खालून वीट डोकावली, काळीभोर, काचेसारखी चकाकणारी.

"फार भाजल्यामुळे वीट काचेसारखी झालीय," बाई म्हणाल्या. "ती रंग धरत नाही."

धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा रंग उडताना पाहिला होता. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला तो बसलाच.

दारात खुर्ची टाकून आई बसली होती. तिनं बाईंना जवळ बोलावलं.

"या हो या. बसा. ह्या विटांची गंमत सांगते तुम्हाला. आमचे सासरे वीटभट्टीवर मुकादम. तेव्हाची गोष्ट ही, पहिली मोठी लढाई संपलेली आणि दुसरी अजून लागायची होती. एकदा भट्टी अशी पेटली, अशी पेटली, की वरून उडणारे पक्षी भाजून खाली पडायला लागले."

"आई," ताई म्हणाली.

"पडले म्हणजे पडले! माणसं मीठ घेऊन धावली. तर त्या भट्टीतल्या सगळ्या विटा करपल्या. मालक म्हणाला, टाकून द्या. सासऱ्यांनी त्या घरी आणल्या, आणि बांधलं घर. आता खरी गंमत. विटा इतक्या तापलेल्या होत्या, इतक्या, की पहिले तीन हिवाळे घरात शेगडी पेटवावी लागली नाही. भिंतीला पाठ लावून बसायचं. शेजारच्या बायका ओली लुगडी आमच्या भिंतीला चिकटवायला यायच्या. मांजर तर वेतासाठी..."

"आई, पुरे!"

"तुम्ही लिहीत नाही काहीच?" आईनं बाईंना विचारलं.

"ऐकतेय," बाई सावधपणे म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी आली होती. ताईला ती आठी दिसली. ही बाई आता सगळंच खोटं समजणार! भट्टी, मुकादम, करपलेल्या विटा, जे खरं होतं तेसुद्धा पक्ष्यांबरोबर भाजून निघणार.

दादा मात्र खुशीत होता. लोखंड तापलंय तोवर घण घालावा म्हणून तो पुढे सरसावला.

"मॅडम, मी खरं सांगतो. आईचं मनावर घेऊ नका. ह्या घरात एक वीट दुसरीसारखी नाही. भिंत सरळ म्हणून कुठे नाही. पट्टी लावून बघा."

बाईंनी पट्टी लावून पाहिली, आणि भिंग डोळ्याला लावलं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. आवाजात काहीतरी हललं.

"आणि सांधा म्हणाल तर एकही सारखा नाही. कुठे बोटभर, कुठे नखाएवढा. म्हाताऱ्यानं ज्या जागी जी बसली ती खुपसली."

"खुपसली नाही," बाई भिंतीला नाक लावून म्हणाल्या. "ही बघा, ह्या विटेला पोट आलंय. शेजारची नेमकी तिथे खोलगट आहे. शोधून बसवलीय. अजून काय काय वाकडं आहे?"

"अहो, सगळंच! खिडक्यांवरची कमान? तीसुद्धा ह्याच भंगाराची. जिना करकरतो. लाद्या जुन्याच, एकसुद्धा बदललेली नाही. आजोबांनी जसं ठेवलं तसंच सगळं सडतंय."

"एकही लादी बदललेली नाही?" बाईंनी भराभरा लिहायला सुरुवात केली. आठी गेली. गालांवर चक्क लाली चढली.

वहिनी अंगणात उभी राहून हे सगळं बघत होती. वारा कुठून कुठे फिरलाय हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं नवऱ्याची बाही ओढली आणि त्याला झाडाआड नेलं.

"अहो, तुम्ही काय करताय?"

"काय म्हणजे? घराची लाज काढतोय."

"डोंबल! तुम्ही एक दोष सांगता आणि त्या बाईंच्या चेहऱ्यावर दिवा लागतो. त्यांना वाकडंच हवंय. जुनंच हवंय. तुम्ही ताईंचं वकीलपत्र घेतल्यासारखे बोलताय."

दादाचा चेहरा उतरला. अर्धी भिंत त्यानं स्वतःच्या तोंडानं ताईच्या पदरात घातली होती.

"मग आता?"

"आता स्तुती करा," वहिनी म्हणाली. हे बोलताना ती कुणाच्या बाजूची आहे हे तिचं तिलाही नक्की नव्हतं. नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार हे खरं. पण ह्या घरातून निघाल्यावर गाडीत नवरा दोन दिवसांचं बोलून घेतो, आणि एरवी महिनोन्महिने बोलत नाही, हेही खरं होतं.

*

आत गेल्यावर दादाचा सूरच पालटला.

"काय सुंदर ठेवलंय मॅडम आम्ही! ह्या लाद्या? नव्या. एकूण एक नव्या. गुळगुळीत करून घेतल्या."

ताई चमकली. नव्या? ह्याला काय झालं? तिनं भावाकडे पाहिलं, बाईंचा लिहिणारा हात थबकलेला पाहिला, आणि तिच्या डोक्यात लख्ख झालं. असं काय! सरळ म्हटलं की आपण मेलो. आणि मग ताईनं, जिनं ह्या घराबद्दल आयुष्यात कधी वाईट शब्द काढला नव्हता, तोंडाचा पट्टा सोडला.

"नव्या कसल्या? डोळे फुटले का तुझे? ही लादी बघा मॅडम, भेगाळलेली. ही हलते. रोज ठेच लागते. आणि हे दार! पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात वाकतं, आजोबांनी लावल्यापासून एक दिवस नीट लागलेलं नाही."

"फार छान लागतं," दादा दार ओढत म्हणाला. दार लागलं नाही. त्यानं खांदा लावला. दार तरीही लागलं नाही. "नवीन बिजागऱ्या आहेत."

"गंजलेल्या आहेत!"

"चकचकीत!"

"ताई," दारात उभा असलेला धाकटा कळवळून म्हणाला, "असं काय बोलतेस आपल्या घराला? मॅडम, ऐकू नका तिचं. बिजागऱ्यांना मी स्वतः रंग दिलाय. दार मीच तासलंय."

"तू गप्प बस रे!" ताई आणि दादा एकाच वेळी ओरडले. वर्षभरात त्यांचं हे पहिलं एकमत.

"मी तुझीच बाजू घेतोय ना!" धाकटा ताईला म्हणाला.

"तीच तर घेऊ नकोस!"

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. कालपासून तो ह्या बहिणीसाठी राबत होता, खांदे भरून आले होते, आणि शिव्यांशिवाय काही पदरात पडलं नव्हतं. तो आईच्या खुर्चीजवळ जाऊन उकिडवा बसला.

"आई, ह्यांना काय झालंय? दादा घर डोक्यावर घेऊन नाचतोय आणि ताई लाथा घालतेय."

"भांडू दे," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत अशी चमक होती, की तिला काही कळत नाही असं मानणाऱ्यांनी ती बघायला हवी होती. "लहानपणी असेच भांडायचे. तेव्हा तुझा दादा म्हणायचा मांजर माझं, आणि ही म्हणायची माझं. मांजरानं घाण केली की दोघं म्हणायची, तुझं."

वारसा खात्यातल्या बाई मात्र बहीणभावांकडे बघतच नव्हत्या. त्यांनी खाली वाकून स्वतःच लादी तपासली, बिजागरीवरचा रंग नखानं खरवडला, दाराची चौकट हातानं चाचपली.

"तुम्ही दोघंही इतकं बोलू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "लादी कधीची आहे ते लादी सांगते. मला वरचं आणि मागचं दाखवा."

*

वरचा मजला झाला, छप्पर झालं, आणि सगळी वरात मागच्या अंगणात आली. तिथे बाईंनी वही मिटली आणि बोलायला उभ्या राहिल्या. आईची खुर्चीसुद्धा मागं आणली गेली.

"हे घर जपायला हवं," बाई म्हणाल्या.

ताईनं भिंतीला हात टेकला.

"कारण सांगते. त्या काळी काही नावाजलेले वास्तुरचनाकार अशा करपलेल्या विटा मुद्दाम मागवायचे. खडबडीत दिसावं म्हणून. तुमच्या सासऱ्यांनी त्या नाइलाजानं वापरल्या असतील. पण लावताना प्रत्येक विटेला शेजारीण शोधली. हजारो विटांना. कुठला नकाशा नाही, कुणी शिकवलेलं नाही. ह्या रस्त्यावर त्या काळातलं दुसरं घरही उरलेलं नाही. पुढचा रंग पाण्यानं आणि मऊ ब्रशनं काढायचा. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको."

"मुद्दाम मागवायचे?" दादानं विचारलं.

"हो. जास्त किंमत देऊन."

दादा त्या विटांकडे बघू लागला. शाळेत त्यांना सगळे 'करपके' म्हणायचे. करपक्यांचं घर, करपक्यांची पोरं. एकदा त्यानं एकाचं नाक फोडलं होतं आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभा राहिला होता, तेव्हा मनात ठरवलं होतं, मोठा झालो की हे घर पाडीन. मोठा झाला, लिफ्ट विकल्या, आणि घर पाडायची वेळ आली तर ही बाई म्हणते, मुद्दाम मागवायचे. त्याला फसवल्यासारखं वाटलं. कुणी फसवलं ते मात्र कळेना.

"पण," बाई म्हणाल्या.

'पण' म्हटल्याबरोबर ताईनं भिंतीवरचा हात काढला.

"ही पत्र्याची शेड काढावी लागेल. मागची सगळी भिंत झाकलीय तिनं. आणि ही धूळ-वास बाहेर टाकायची नळी. भिंतीत भोक पाडून बसवलीय. ती काढून भोक बुजवायचं, अशाच विटेच्या तुकड्यानं."

शेडच्या उघड्या दारातून फळीवरच्या प्लास्टरच्या साच्यांचे दात सगळ्यांकडे बघत होते.

"अहो, मी काम करते तिथे!" ताईचा आवाज चिरकला. "कवळी घासताना धूळ उडते, हिरड्या करायच्या मसाल्याला वास येतो. नळी नसेल तर मी गुदमरेन. शेड नसेल तर काम कुठे करू? मी अर्ज केला तो इथेच राहून काम करता यावं म्हणून!"

"मी समजू शकते. पण घर जपायचं म्हणजे आधी त्याच्या अंगावरचं काढावं लागतं."

"घ्या!" दादाला आवाज परत सापडला. "मी वर्षभर काय सांगत होतो? नव्या इमारतीत तुला गाळा देतो, गाळा. खिडकी, पंखा, नळी, सगळं रीतसर. तुला जे हवं ते मीच देत होतो, आणि तू स्वतःच्या हातानं स्वतःच्या शेडवर कुऱ्हाड घातलीस."

"ताई, मागं घे अर्ज," धाकटा म्हणाला. तो मनापासून बोलत होता. "घर गेलं तर गेलं. तुझं काम राहिलं पाहिजे. मी नव्या दुकानाची पाटी फुकट रंगवीन."

"काही मागं घेऊ नका ताई," वहिनी म्हणाली.

दादा गर्रकन वळला. "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"आत्ता? तुमच्या विरुद्ध बाजूनं. वर्षभर गाडीत मी हेच घर ऐकतेय. ते पाडल्यावर तुम्ही बोलणार कशाबद्दल, ह्याची मला धास्ती आहे."

"मॅडम, मागं घेता येतो का?" दादानं बाईंना विचारलं.

"अर्ज ह्यांचा आहे. आत्ता नको म्हणाल्या तर मी परत जाते. माझा शेरा गेला की मग माझ्याही हातात नाही."

"आई, तू सांग," धाकटा म्हणाला.

"मी काय सांगू?" आई म्हणाली. "मी शब्द दिलाय. बाई जपा म्हणाल्या, म्हणजे राहील. आता हिलाच नको असेल तर विका." आणि थोडं थांबून, "गाळ्यात मला खुर्ची टाकायला जागा असेल का रे? रस्त्यावरचे लोक ओळखीचे होईपर्यंत माझ्या गोष्टी शिळ्या होतील."

"सगळे गप्प बसा!" ताई ओरडली. "एक शब्द बोलू नका. सकाळपासून ज्यानं ज्यानं मला मदत केली त्यानं माझं वाटोळं केलं. आता मला विचार करू दे."

ती शेडमध्ये गेली आणि स्टुलावर बसली. पत्रा तापला होता. इथे उन्हाळ्यात मेण हातात वितळायचं, थंडीत प्लास्टर बसायला दिवस लागायचा. आणि दातांचा रंग जुळवायला तिला रोज अंगणात यावं लागायचं, कारण पत्र्याखाली उजेड पिवळा. शेड वाईटच होती. ती तिची होती एवढंच तिचं मोल. गाळा? गाळ्यात उजेड बरा असेल. पण गाळा दादाचा. तिथे प्रत्येक भेटीला 'मीच दिला ना' हे ऐकावं लागणार. घर सोडून, मान खाली घालून, नवी कोरी नळी.

ती बाहेर आली तेव्हा तिनं भावांकडे पाहिलंच नाही.

"मॅडम, आतल्या खोल्यांत कोण काय करतं, त्याच्याशी तुमचं काही?"

"काही नाही. बाहेरच्या भिंती, छप्पर, जिना, खिडक्यांच्या चौकटी, एवढंच आमचं. आत तुम्ही कवळ्या करा नाहीतर कोंबड्या पाळा."

"वर ती एक खोली बंद होती, आपण बघितली नाही. चला."

"ती माझी खोली आहे," दादा म्हणाला.

"किल्ली आण."

लग्न होऊन बाहेर पडला तेव्हापासून दादानं ती खोली कुलूप लावून ठेवली होती. किल्ली त्याच्या गाडीच्या किल्लीबरोबर फिरायची. कधी उघडायचा नाही, कुणाला उघडू द्यायचा नाही. आता मॅडम बघत होत्या, आई बघत होती, वहिनी तर हसत होती. त्यानं कुलूप काढलं. आत खोक्यांवर खोकी. लिफ्टची जुनी माहितीपत्रकं, एक मोडका सायकलचा पंप, आहेरात आलेले आणि कधीच न उघडलेले काचेचे पेले. आणि समोर मोठी खिडकी. ऊन थेट येत नव्हतं, नुसता उजेड येत होता, पांढरा, स्थिर, सारखा.

ताईनं खिशातून दातांच्या छटांची पट्टी काढली आणि खिडकीपाशी धरली. शेजारशेजारचे दोन दात, एक किंचित पिवळा, एक किंचित राखाडी. शेडमध्ये ते कधी वेगळे दिसले नव्हते.

"इथे," ती म्हणाली.

"इथे म्हणजे? अगं, माझी खोली!" दादा म्हणाला. "माझं सामान आहे."

"भिंतीला भोक पाडता येणार नाही," बाईंनी आठवण दिली.

"खिडकीतून नळी काढली तर?"

बाईंनी भिंग लावलं. "चौकट मूळची आहे, तिला खिळासुद्धा नको. ही एक काच मात्र नंतरची दिसते."

"ती ह्यानं चेंडूनं फोडली होती," आई मागून म्हणाली. "चेंडू इथून निघाला तो थेट स्टेशनावर..."

"आई!"

"काच बदललेली असेल तर माझी हरकत नाही. हिच्यातून काढा नळी."

"मग शेरा लिहा मॅडम," ताई म्हणाली. "शेड उद्यापासून काढायला घेते. पेंटर, तू खाली जा आणि तुझी भिंत धुवायला लाग. मऊ ब्रशनं. आणि दादा, खोकी उचल."

"आत्ता?"

"मग कधी? माझ्या कवळ्या तुझी वाट बघत थांबणार का?"

दादानं बायकोकडे पाहिलं. वहिनीनं एक खोकं उचलून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, कारण नाही घेतलं असतं तर पायावर पडलं असतं. बाई दाराच्या चौकटीला टेकून लिहीत होत्या. बिल्डरला काय सांगायचं, फ्लॅटचं काय, सात मजल्यांचं काय, असं सगळं दादाच्या तोंडाशी आलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"आणि मी कधी राहायला आलो तर? झोपायचं कुठे मी?"

"हॉटेलात," ताई म्हणाली. "वारसा बघायला बाहेरून माणसं येतात ती हॉटेलातच उतरतात. आणि जपून उतर, खोकं आपटू नकोस. जिना मूळचा आहे."